'परसिस्टंट'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
आईच्या केसपेपरवर 'परसिस्टंट एट्रिअल फिब्रिलेशन' लिहिलंय. मावशीला फोनवर सांगताना मी पटकन म्हणाले, "ठोके कायमचे बिघडलेत." आईनं ते ऐकलं आणि गोळ्यांची डबी बाजूला सरकवली. "कायमचंच आहे तर कशाला खर्च?" डॉक्टर तर शॉक, ॲब्लेशन असं काय काय सांगतायत. 'शॉक' ऐकूनही ती घाबरलीय. नेमके शब्द सुचवा.

उत्तर
'कायमचं' हा शब्द आधी मागे घ्या, आजच. ठोक्यांचं हे बिघडणं सात दिवसांच्या आत थांबलं तर ते येऊन-जाऊन होणारं. त्याहून जास्त टिकलं की 'परसिस्टंट'. मी त्याला 'ठाण मांडलेलं' म्हणेन. 'परमनंट' वेगळं: ताल पूर्ववत करायचे प्रयत्न आता नकोत, असं रुग्ण आणि डॉक्टर मिळून ठरवतात तेव्हाचा तो शब्द. तुमच्या आईनं तसं काही ठरवलेलं नाही!

फिब्रिलेशन म्हणजे थरथर. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. पाठ्यपुस्तकात त्यांना 'अलिंद' म्हणतात. संस्कृतात अलिंद म्हणजे दारापुढचा ओटा. रक्त तिथे रेंगाळतं, गुठळी होते, ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात. ते टाळायला देतात त्या गोळीचं 'रक्त पातळ करायची गोळी' हे नावही फसवं. रक्त पातळ होत नाही, गुठळी व्हायची टळते. शॉकआधी, म्हणजे ताल पूर्ववत करायला छातीवर देतात त्या विजेच्या झटक्याआधी, ही गोळी सहसा किमान तीन आठवडे आणि नंतर किमान चार आठवडे घ्यावीच लागते. डबीत ती असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही दिवस चुकवू देऊ नका.

उपचारांच्या वाटा दोन: 'वेग आवरणं' आणि 'ताल बसवणं'. शॉक दुसऱ्या वाटेवरचा. थोडा वेळ झोपवून देतात, त्यामुळे आईला 'झोपेत ताल बसवतील' असं सांगा. ॲब्लेशनला 'डाग देणं' चपखल आहे. मांडीच्या शिरेतून नळी नेऊन, फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी डागतात. गडबडीची ठिणगी बहुधा तिथे पडते, हे फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी 1998 मध्ये दाखवलं.

आणखी एक
बाकी सगळं पटलं, पण आजारी माणसापुढे 'डाग देणं' नको हो. अग्निडाग आठवतो. 'चटका' म्हणा, थंडीनं करणार असतील तर 'गोठवणं'.

प्रश्नकर्ती
खरंय, 'चटका'च म्हणेन. काल 'ठाण मांडलेलं' सांगितलं, तर आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे उठवता येईल?" डबी परत उशाशी आहे. सोमवारी तिला स्वतःलाच डॉक्टरांना विचारायचंय, वेग की ताल.