मदत हवी आहे: थ्री कार्ड पोकरमध्ये बँकरच्या पात्रतेला गुलामाची अट ठेवली तर चाल कधी करायची?

ठाण्यात सोसायटीत थ्री कार्ड पोकर खेळतो. पैसे नाहीत, फक्त प्लास्टिकच्या चिप्स, बँकर आळीपाळीने. 52 पत्ते, जोकर नाही. आधी अँटी (पत्ते पाहण्याआधीची पैज), मग पत्ते पाहून पॅक (अँटी सोडून बाहेर) किंवा अँटीइतकीच चाल (दुसरी पैज). बँकरकडे राणी किंवा त्यावरचं काही नसेल तर तो अपात्र (ही राणीची अट), अँटीला एकास एक आणि चाल नुसती परत. अँटी बोनस (सिक्वेन्स, ट्रेल, प्युअर सिक्वेन्सला) 1-4-5.

तीनपत्तीवाल्यांसाठी: इथे प्युअर सिक्वेन्स (एकाच चिन्हाचे ओळीने तीन) ट्रेलच्या (तीन सारखे पत्ते) वर (22,100 पैकी प्युअर 48, ट्रेल 52), आणि एक्का-दुर्री-तिर्री सर्वांत लहान सिक्वेन्स. वाद सगळ्यात जास्त यावरूनच होतात!

पेअर प्लसचा (जोडी किंवा त्यावरचं येईल यावरची वेगळी पैज) प्रश्न सुटलाय. कलरला (एकाच चिन्हाचे तीन पत्ते) 3 ऐवजी 4 दिल्यावर बँकरचा फायदा 7.28 टक्क्यांवरून 2.32 वर आला.

अडलंय अँटीपाशी. राणीच्या अटीत बँकर सुमारे 30 टक्के वेळा अपात्र ठरतो आणि चांगले पत्ते वाया जातात. अट राजावर नेणं तर निरुपयोगीच: बँकर 42 टक्के अपात्र, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त, त्यामुळे कसल्याही पत्त्यांवर चाल पॅकपेक्षा बरी. म्हणून गुलाम ठेवायचा विचार आहे (अपात्र सुमारे 21 टक्के). अँटीच्या दुप्पट चालीचा पर्याय नको, नवख्यांचा गोंधळ उडतो.

एक्सेलमध्ये रँडम डाव पाडले, पण सीमेवरच्या पत्त्यांत फरक इतका बारीक की दरवेळी उत्तर हलतं. खेळाडूचे 22,100 आणि प्रत्येकासमोर बँकरचे 18,424 हात कोणी पूर्ण मोजलेत का? राणीच्या अटीत राणी-6-4 पासून चाल करतात; गुलामाच्या अटीत किमान पत्ते कोणते, आणि बँकरचा फायदा किती टक्के?