पन्नाशीनंतर मोठ्या लाटांसाठी सर्फबोर्ड कोणता? 'लाँगबोर्ड घ्या आणि मोठ्या लाटा सोडा' हे मला मान्य नाही

गंगापूररोडकर
परवा आपल्यातल्याच एकाने लिहिलं, "पन्नाशी उलटली की नऊ फुटी लाँगबोर्ड घ्या, श्रीलंकेतल्या वेलीगामाच्या वाळूवरच्या लाटांत समाधान माना. मोठ्या लाटा पोरांसाठी." दोन दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहितो.

मी 56 वर्षांचा, वजन 78 किलो, डावा खांदा अधूनमधून धरतो. गोव्यात अश्वेमला शिकलो, गेले पाच हिवाळे श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर जातोय. यंदा जानेवारीत मिदिगामाला दोन दिवस डोक्याच्या वर जाणाऱ्या लाटा आल्या. माझ्याकडे भाड्याचा 9 फूट 1 इंची लाँगबोर्ड. पहिल्या लाटेला उठलो आणि नोज, म्हणजे पुढचं टोक, पाण्यात घुसली. लाट उभी, कमानीसारखी वळलेली आणि खाली माझा बोर्ड सरळ फळीसारखा. रॉकर, म्हणजे टोकाचा वर वळलेला बाक, तोच नाही, तर नोज जाणार कुठे? दुसऱ्या लाटेवर खाली उतरलो, तळाशी वळायला वजन टाकलं, तर रुंद टेल, म्हणजे मागचं टोक, वेगात उचलली गेली आणि तळाच्या फिनांची (पंखांची) पाण्यातली पकड सुटली. बोर्ड माझ्या कानाजवळून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याच जागी 7 फूट 4 इंची मिड-लेंग्थ (मधल्या लांबीचा बोर्ड), 50 लिटर आकारमानाचा, पिनटेल, म्हणजे टेल निमुळती. सात लाटा मिळाल्या. सात!

वयाबरोबर जातो तो पॅडलचा जोर आणि उठण्याची चपळाई. म्हणून छातीखाली भरपूर लिटर हवेत, म्हणजे लाट उभी राहायच्या आत तिच्यात शिरता येतं. पण मागची टेल निमुळती आणि तिथली रेल (बाजूची कड) पातळ हवी, तरच वेगात पाणी धरून ठेवते. हे दोन्ही एका बोर्डात मिळतं. मग समाधान कशाला मानायचं?

नऊफुटी
ती पोस्ट माझीच, नाव घ्यायला हरकत नव्हती. मी 61 चा. तुमचा 50 लिटरचा बोर्ड डक डाइव्ह होतो का, म्हणजे येणाऱ्या लाटेखाली दाबून नेता येतो का? नाही. म्हणजे आत जाताना तुम्हीही माझ्यासारखाच टर्टल रोल मारणार, बोर्ड उलटा करून त्याखाली लटकणार. मग फायदा कुठे उरला? लाँगबोर्डवर मी लाट उभी राहायच्या कितीतरी आधी उठलेला असतो, तळाशी घाईने वळायची वेळच येत नाही. आणि हवाईतल्या वाइमियाच्या प्रचंड लाटांवर जुने लोक उतरायचे ते दहा फुटांच्या वरचे बोर्ड घेऊन. इतिहास वाचा जरा.

गंगापूररोडकर
इतिहास वाचलाय. ते गन होते साहेब, मोठ्या लाटांचे खास बोर्ड! दोन्ही टोकं निमुळती, भाल्यासारखी. तुमच्या बोर्डाची नोज पाटासारखी गोल आणि टेल रुंद. लांबी आणि आकार यांची गल्लत करू नका. टर्टल रोलचं म्हणणं मात्र खरं आहे, तिथे फायदा नाही.

पंचवटीचा_पोरगा
काका, दोघांचाही राग नको, पण 6 फूट 6 इंची स्टेप-अप, म्हणजे मोठ्या लाटांसाठी जरा लांब केलेला शॉर्टबोर्ड, का नको? सर्फिंगचा विश्वविजेता केली स्लेटरने फेब्रुवारी 2022 मध्ये हवाईतली पाइपलाइनची स्पर्धा जिंकली तेव्हा पन्नासाव्या वाढदिवसाला सहा दिवस बाकी होते. वय हा बहाणा आहे.

नऊफुटी
तो लहानपणापासून समुद्रावर आहे. आपण नाशिककर 600 मीटर उंचीवर राहतो, कसारा घाट उतरल्याशिवाय खाऱ्या पाण्याचा वाससुद्धा येत नाही. वर्षातून पंधरा दिवस लाटेवर जाणाऱ्या माणसाला त्याचं उदाहरण देणं म्हणजे त्या माणसाचं हाड मोडायला लावणं. याबाबतीत मी आणि धागाकर्ते एका बाजूला आहोत, आवडो न आवडो.

सिडको_ते_समुद्र
बोर्ड कुठलाही घ्या, आणणार कसा ते आधी सांगा. मी हौसेने स्वतःचा 7 फूट 2 इंची घेतला. विमानातून परत आला तो फिनबॉक्स, म्हणजे फिन बसवायची खाच, फुटलेला. बोर्डबॅगेवर मोठ्या अक्षरांत 'नाजूक' लिहिलं होतं. भरपाईच्या नावाने शून्य. पण खरं दुःख पुढचं. नाशिकला दुरुस्त कोण करणार? अंबडला एका फायबरच्या वर्कशॉपमध्ये दिला. त्यांनी रेझिन ओतलं आणि माझ्या डोळ्यांदेखत आतला फोम बसत गेला. मूठ जाईल एवढा खड्डा, कडेने पिवळट चिकट पाणी. घरी येऊन जेवलो नाही. मिड-लेंग्थ, लाँगबोर्ड, सगळं भाड्याचंच बरं.

फायबरवाला_अंबड
हे वाचून गप्प बसवत नाही. माझंही वर्कशॉप अंबडलाच आहे, तुमचा बोर्ड माझ्याकडे आला नव्हता, पण आमच्या कारागिरांना सरसकट नावं ठेवू नका. तुम्ही त्यांना सांगितलं होतं का की आत थर्माकोल आहे? आम्ही टाक्या, बसची बॉडी, शेड करतो, सगळं पॉलिएस्टर रेझिनमध्ये. त्यात स्टायरीन असतं, ते थर्माकोल खातं. तुमचा बोर्ड इपॉक्सीचा होता, त्याला इपॉक्सीच लागतं. आत पीयू (पॉलियुरेथेन) फोम असता तर पॉलिएस्टर चाललं असतं.

सिडको_ते_समुद्र
म्हणजे चूक माझी? मी गिऱ्हाईक आहे, केमिस्ट नाही. हातात घेतल्यावर वजनावरून कळायला नको?

फायबरवाला_अंबड
ज्याने जन्मात सर्फबोर्ड पाहिला नाही त्याला वजनावरून काय कळणार? फुटलेल्या जागी पांढरे साबुदाण्यासारखे दाणे दिसले की थर्माकोल, एवढं आता सगळ्यांनीच लक्षात ठेवा. आणि रेझिन लावायच्या आधी बोर्ड पूर्ण वाळवावा लागतो. आत खारं पाणी राहिलं तर वरचा थर पुन्हा सुटतो. चूक त्या कारागिराचीही आहे, माहीत नव्हतं तर हात लावायला नको होता. हे मी आमच्याच धंद्यातल्या माणसाबद्दल बोलतोय, यातच समजा.

नऊफुटी
त्यात भर माझी. एप्रिलमध्ये बोर्ड गाडीच्या टपावर दुपारभर राहिला. संध्याकाळी डेकवर (वरच्या बाजूवर) तळहाताएवढा फुगा, दाबला की आत जायचा. उन्हाने आतली हवा फुगून वरचं फायबरचं कापड सुटलं होतं. नाशिकचं ऊन साधं समजू नका.

पंचवटीचा_पोरगा
धागा लाटांचा होता ना? इथे फायबरचं दुकान लागलंय.

जलतरण_ताई
मी 58 ची, सावरकर तलावावर रोज सकाळी सहाला असते. तुम्ही सगळे लिटर आणि इंच मोजताय, कोणी पोहण्याबद्दल एक ओळ लिहिली नाही. श्रीलंकेत अरुगम बेला मेन पॉइंटवर माझी लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधायची दोरी, तुटली. बोर्ड किनाऱ्याकडे गेला, मी आत राहिले. प्रवाह पॉइंटवरून लांब ओढत होता, पाय टेकायला वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत 50 लिटर की 70 लिटर, हा प्रश्न नव्हता. लीश भाड्याच्या बोर्डावरची, जुनी, वळणाजवळ चिरलेली. मी पाहिली होती आणि तशीच निघाले. बोर्डाएवढ्या लांबीची नवी लीश स्वतःची न्या, घडी करून पिशवीत मावते. आणि न थांबता 400 मीटर पोहता येत नसेल तर डोक्यावरच्या लाटेत जाऊ नका, मग बोर्ड कोणताही असो. गंगापूररोडकर, तुम्ही शेवटचं कधी पोहलात?

गंगापूररोडकर
ताई, दिवाळीनंतर नाही. खांद्याचं कारण सांगत होतो. सोमवारपासून येतो.

पण आकाराबद्दलचं माझं मत तेच आहे. थकलेल्या खांद्याला लाटेत लवकर शिरवणारा आणि शिरल्यावर न घसरणारा बोर्ड, हीसुद्धा सुरक्षितताच आहे. वाइपआउट (लाटेवरून पडणं) कमी म्हणजे आत पोहायची पाळी कमी.

नऊफुटी
टेल घसरते हे मी नाकारलेलं नाही. माझीही घसरते, फक्त मी त्या दिवशी पाण्यातून बाहेर येतो. 'मोठ्या लाटा पोरांसाठी' हे वाक्य मागे घेतो, ते रागात लिहिलं होतं, गुडघ्याच्या ऑपरेशननंतरच्या आठवड्यात. लाँगबोर्ड मागे घेत नाही. फेब्रुवारीत मी मिदिगामाला आहे. तुमचा तो 7 फूट 4 इंची एक सकाळ मला द्या, माझा तुम्ही घ्या. मग बोलू.

गंगापूररोडकर
ठरलं. लीश माझी, नवी.

फायबरवाला_अंबड
सिडकोवाले दादा, तो खड्डा पडलेला बोर्ड टाकून दिलात का? नसेल तर शनिवारी घेऊन या. तोवर उन्हात नाही, सावलीत उभा ठेवा, फुटकी बाजू खाली, पाणी निथळू द्या. इपॉक्सी मी आणून ठेवतो.

सिडको_ते_समुद्र
माळ्यावर आहे. शनिवारी अकराला येतो. या वेळी आत काय आहे ते आधी सांगेन.