मदत हवी आहे: रोटोरुआत एकच दिवस, सोबत आई

नमस्कार मंडळी, फेब्रुवारीत न्यूझीलंडला जातोय. रोटोरुआला एकच दिवस मिळतोय. सकाळी कैतुना नदीत राफ्टिंग. तिथे 7 मीटरच्या धबधब्यावरून राफ्ट थेट खाली सोडतात, त्यामुळे बायको आत्तापासूनच देव पाण्यात घालून बसली आहे! दुपारी ‘ते पुइया’ या माओरी (न्यूझीलंडचे मूळ रहिवासी) सांस्कृतिक केंद्रात पोहुतू गीझर, म्हणजे जमिनीतून उसळणारं गरम पाण्याचं कारंजं, संध्याकाळी हाका हे माओरी समूहनृत्य आणि हांगीचं पारंपरिक जेवण.

खरा प्रश्न आईचा. ती पक्की शाकाहारी. हांगीत तापल्या दगडांवर मांस, बटाटे, रताळी एकाच खड्ड्यात वाफवतात. आधी कळवलं तर तिच्यासाठी वेगळं शिजवतात का, की डबाच न्यावा? शिवाय तिचे गुडघे दुखतात. आम्ही नदीवर असताना तिला वाकारेवारेवा हे गरम झऱ्यांमधलं माओरी गाव फिरायला झेपेल का? जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.