पंथ सोडतोय: पत्र द्यावं की नुसतं जाणं बंद करावं? (मदत हवी आहे, तातडीने)

कोरी_पाटी
पंथ सोडायचा हे नक्की झालं आहे, त्यावर चर्चा नको. प्रश्न एवढाच की सदस्यत्व सोडत असल्याचं रीतसर पत्र द्यावं, की हळूहळू जाणं कमी करत बंद करावं? पत्र लिहून तयार आहे, चार पानी. वडिलांनी रविवारी भेटायला बोलावलंय, त्याआधी ठरवायचं आहे. जाणकारांनी नेमकं सांगा. देव आहे की नाही हा वाद कृपया इथे नको.

सांजवात
जन्मदात्यासमोर एकदम चार पानी पत्र ठेवू नका. आधी आईला विश्वासात घ्या. वडिलांशी एरवी बोलणं आहे का? रागीट आहेत का? भेट घरी आहे की बाहेर?

गिरमिट
सांजवात यांच्याशी सहमत. वडिलांचं वय किती, तब्येत कशी, हेही लिहा. त्यावर बरंच अवलंबून आहे.

कोरी_पाटी
अहो, वडील म्हणजे मंडळीचे, म्हणजे आमच्या ख्रिस्ती सभेचे, वडील! माझे बाबा नव्हेत. मंडळीचा कारभार बघणारे. दोघे येणार आहेत. पत्र द्यावं की नाही, एवढंच सांगा ना.

वाटाड्या
मग चित्रच बदललं. पण 'एवढंच' सांगता येत नाही, कारण पत्राचा परिणाम प्रत्येक ख्रिस्ती पंथात वेगळा होतो. लॅटर-डे सेंट्समध्ये (मॉर्मन पंथात) पत्र दिलं की सदस्यत्व संपतं, पण घरच्यांनी तुमच्याशी बोलू नये असा नियम नाही. यहोवाच्या साक्षीदारांत पत्र देऊन गेलेला आणि काढून टाकलेला, दोघांसाठी सभेत तेच एक वाक्य वाचतात: अमुक आता साक्षीदार नाही. पुढची वागणूकही तीच: मंडळीतले लोक संबंध तोडतात. जुन्या पद्धतीने राहणाऱ्या आमिश लोकांत बाप्तिस्म्याआधी, म्हणजे पंथाची दीक्षा घेण्याआधी, निघून गेलेल्याला वाळीत टाकत नाहीत, बाप्तिस्मा घेऊन गेलेल्याला टाकतात.

म्हणून आधी हे लिहा. बाप्तिस्मा झालाय का, आणि कितव्या वर्षी? घरात आणखी कोण आत आहे? पगार, घर, पैसा यांतलं काही मंडळीच्या माणसाच्या हातात आहे का? आणि ते दोघे नेमकं कशासाठी येताहेत: विचारपूस, की कुणी काही कानावर घातलंय?

गिरमिट
आता कळलं. मग माझं मत स्पष्ट आहे: पत्र द्याच, आणि पोच घ्या. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८९ चा निकाल आहे. एका स्त्रीने मंडळी सोडत असल्याचं लिहून दिलं होतं, तरी मंडळीच्या वडिलांनी तिची खाजगी बाब सभेत वाचून दाखवली. न्यायालय म्हणालं, सदस्य असेपर्यंतची शिस्त हा मंडळीचा अधिकार, पण तिने संमती काढून घेतल्यानंतर जे केलं त्याला धर्मस्वातंत्र्याचं कवच नाही. लेखी कागद नसेल तर 'त्या तारखेपासून मी सदस्य नाही' हे सिद्ध कसं करणार?

वाटाड्या
निकाल खरा आहे, पण तो चव्हाट्यावर वाचून दाखवण्याबद्दल आहे. न बोलण्याबद्दल नाही. अमेरिकेच्याच एका केंद्रीय अपील न्यायालयाने (नववं सर्किट) १९८७ मध्ये उलट बाजूचा निकाल दिला. ती स्त्री १९७५ मध्ये पत्र देऊन यहोवाच्या साक्षीदारांतून बाहेर पडली होती. १९८१ मध्ये संस्थेने नियम बदलला आणि पत्र देऊन गेलेल्यांनाही काढून टाकलेल्यांसारखंच वागवायचं ठरलं. सहा वर्षांपूर्वी दिलेलं पत्र तिच्यावर उलटलं, आणि न्यायालय म्हणालं की संबंध तोडणं हे धार्मिक आचरण आहे, त्यात आम्ही पडणार नाही. २०१८ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानेही हेच धोरण ठेवलं. तिथे तर मंडळीतून काढलेल्या माणसाचा घरं विकून देण्याचा धंदा होता आणि त्याचं गिऱ्हाईक तुटलं होतं. कोर्टाच्या भरवशावर पत्राचा निर्णय घेऊ नका.

गिरमिट
पण हळूहळू दूर होण्यात माणूस वर्षानुवर्षं लटकतो. आज तब्येत, उद्या काम, परवा पाहुणे. खोटं बोलायची सवय लागते आणि मनाने सुटका होतच नाही.

वाटाड्या
खोटं बोलायची गरज नाही, कमी बोलायची आहे. आणि कोरी_पाटी यांनी माझ्या एकाही प्रश्नाचं उत्तर अजून दिलेलं नाही.

कोरी_पाटी
पंथाचं नाव लिहीत नाही. बाप्तिस्मा सतराव्या वर्षी. बायको आत आहे, मनापासून. मुलगी सोळाची, तिचा बाप्तिस्मा दोन महिन्यांवर. नोकरी त्या दोघांपैकी एकाच्या कंपनीत. घर भाड्याचं, मालक बाहेरचा. ते का येताहेत ते सांगितलेलं नाही. मंडळीतल्या एका मित्राकडे शंका बोलून दाखवली होती. झालं समाधान? आता सांगा.

वाटाड्या
कोरी_पाटी, नोकरी आणि मुलगी या दोन गोष्टी पहिल्या ओळीत यायला हव्या होत्या. आता उत्तर सरळ आहे: रविवारी पत्र देऊ नका. कधीच देऊ नका असं म्हणत नाही. आधी दोऱ्या मोजा, एकेक सोडवा, पत्र शेवटी.

रविवारच्या भेटीबद्दल. दोघे येतात ते साक्षीसाठी. बायबलमधल्या मत्तय १८:१६ चा 'दोघा-तिघा साक्षीदारांच्या तोंडून' हा दंडक अशा बहुतेक मंडळ्या पाळतात. मित्राने एकट्याने सांगितलं असेल तर तो एकच साक्षीदार झाला. तुम्ही त्या दोघांसमोर तेच बोललात की प्रकरण पुरं झालं. 'अमुक शिकवण तुम्हाला अजून खरी वाटते का?' हा प्रश्न येणारच. 'नाही' म्हणालात तर कबुली, 'हो' म्हणालात तर खोटं. तिसरं वाक्य आत्ताच पाठ करा: 'या विषयावर मला सध्या बोलायचं नाही. आलात, बरं वाटलं.' तीनदा विचारलं तर तीनदा हेच, शब्द न बदलता. शब्द बदलले की त्यातून नवा प्रश्न निघतो. कागदावर सही नाही, मोबाइल हातात देणं नाही, 'मग पुन्हा कधी येऊ?' याला तारीख नाही. भेट कामाच्या जागी ठेवू नका. बसायची वेळ आधीच सांगा, अर्धा तास.

आणि चार पानी पत्र ते नाहीच. त्यात कारणं असणार, आणि प्रत्येक कारण हे उत्तर द्यायचं आमंत्रण असतं. द्यायची वेळ येईल तेव्हा तारीख, नाव, 'आजपासून मी सदस्य नाही', 'माझी माहिती नोंदीतून काढा', सही. पाच ओळी. चार पानं स्वतःजवळ ठेवा, ती लिहिणं गरजेचं होतंच.

एक_वाचक
मुळात बहिष्काराचा आधारच तपासायला हवा. १ करिंथ ५:११ मध्ये प्रेषित पौल 'पंक्तीला बसू नका' म्हणतो ते व्यभिचाराच्या एका प्रकरणावरून बोलताना. शिवाय मत्तय १८:१७ मध्ये 'जकातदारासारखा समज' असं आहे, आणि येशू तर जकातदारांबरोबर जेवत असे. मग वाळीत टाकणं वचनाला धरून कसं? कोरी_पाटी यांनी रविवारी हाच मुद्दा मांडावा.

कोरी_पाटी
एक_वाचक, हे मी विचारलेलं नाही.

वाटाड्या
आणि मांडूही नका. वचनावर वाद म्हणजे तासभर कबुलीजबाब. तुमचा मुद्दा बरोबर असला तरी तो ऐकून निर्णय बदलायला ते आलेले नसतात.

सुईदोरा
पत्राच्या वादात कागदपत्रं राहिली. तुमच्या पाकिटात 'मला रक्त देऊ नये' असं सही केलेलं कार्ड आहे का, रक्त घेणं निषिद्ध मानणाऱ्या पंथांतले लोक बाळगतात तसं? आणि त्यात तुमच्या वतीने निर्णय घेणारा म्हणून कुणाचं नाव आहे?

कोरी_पाटी
आहे. नाव मेहुण्याचं. तोही मंडळीतच.

सुईदोरा
मग पत्राआधी हे काम, उद्याच. बेशुद्ध माणसाचं मत कुणी विचारत नाही, पाकिटातला कागद बघतात. नुसतं कार्ड फाडून भागत नाही, कारण त्याच्या प्रती मेहुण्याकडे, डॉक्टरांच्या फाइलमध्ये, कदाचित मंडळीकडेही असतील. नवा कागद करा. त्यात पहिलं वाक्य 'यापूर्वीचे सर्व वैद्यकीय निर्देश रद्द', मग तुम्हाला कोणते उपचार चालतील ते, मग नव्या माणसाचं नाव आणि फोन. तारीख ठळक, कारण दोन कागद सापडले तर नंतरची तारीख बघतात. साक्षीदार किती लागतात हे तिथल्या कायद्याप्रमाणे वकिलाला विचारा. एक प्रत डॉक्टरांकडे, एक नव्या माणसाकडे, एक पाकिटात जुन्या कार्डाच्या जागी. मोबाइलच्या लॉक स्क्रीनवरचा आणीबाणीचा नंबरही बदला, तो हमखास विसरतो. विमा, बँक आणि मृत्युपत्रातली नावं त्याच बैठकीत तपासा.

मोबाइलचं दुसरं काम. लोकेशन कुणाकुणाला दिसतं ते बघा. मेलच्या पासवर्डसाठी दुसऱ्या कुणाचा नंबर दिला असेल तर काढा. व्हॉट्सॲपचे ग्रुप एकदम सोडू नका. २०२२ पासून ग्रुप सोडल्याची सूचना सगळ्यांना जात नाही, पण ॲडमिनला जाते, आणि तुमचा ॲडमिन कोण असेल ते तुम्हाला ठाऊक आहे. सध्या आवाज बंद करून अर्काइव्हमध्ये टाका.

गिरमिट
नोकरीचं काय? मालक रविवारी घरी, सोमवारी ऑफिसात समोर.

वाटाड्या
नोकरीत सगळ्यात आधी अनुभवाचं प्रमाणपत्र आणि पगाराच्या पावत्या. आत्ता, संबंध गोड असताना. नंतर ते 'शोधतो' म्हणतील. शिफारस करणारा बाहेरचा माणूस धरून ठेवा, एखादा ग्राहक किंवा माल पुरवणारा. नवी नोकरी हातात येईपर्यंत पत्राचा विषय बंद. मालमत्ता सामाईक असते त्या पंथांत हे आणखी कठीण. हटराइट या तशाच पंथाच्या वसाहतीतून बाहेर काढलेल्यांना सामाईक संपत्तीत वाटा नाही, असं कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्येच ठरवलं. तुमचं घर आणि पगार निदान वेगवेगळ्या हातांत आहेत, हा मोठा आधार आहे.

तानपुरा
पत्र दिलं काय, न दिलं काय, बाहेर माणसं नसतील तर सहा महिन्यांत पाय परत तिकडेच वळतो. सभांमुळे आठवड्यातली एक संध्याकाळ आणि एक सकाळ भरलेली असते. ती रिकामी झाली की घड्याळ अंगावर येतं. त्याच वारी, त्याच वेळेला दुसरं काही हवं. माझं मत: समूहगान. मंडळीत वाढलेल्यांना एकत्र गायची सवय असते, आणि गाणं सुटलं ही खंत फार खोल असते. गायनवृंदात बोलावं लागत नाही, शेजारचा चेहरा आठवड्याला दिसतो, आणि तुम्ही आला नाहीत तर कुणाच्या तरी लक्षात येतं.

गिरमिट
गाणं का? देवाशिवायची सभाच आहे की. लंडनमध्ये २०१३ मध्ये 'संडे असेंब्ली' सुरू झाली, नंतर ती बऱ्याच देशांत पसरली. गाणी, भाषण, चहा, सगळं तेच.

तानपुरा
तेच आहे हीच अडचण आहे. रांगेत खुर्च्या, पुढे बोलणारा माणूस, शेवटी हसून स्वागत. नुकत्याच बाहेर पडलेल्याच्या छातीत धडधड सुरू व्हायला तेवढं पुरतं. वर्षभराने जावं. आणि पहिल्याच दिवशी गळ्यात पडणाऱ्या कुठल्याही गटापासून लांब राहा, तो पंथ सोडलेल्यांचा गट असला तरी. पंथातही माणूस तसाच ओढला जातो.

मैत्रीला किती वेळ लागतो यावर कॅन्सस विद्यापीठाचा २०१८ चा अभ्यास आहे. ओळखीचा माणूस साधा मित्र व्हायला ५० तास, मित्र व्हायला ९०, जवळचा मित्र व्हायला २०० च्या वर. आठवड्याला दोन सराव, दोन-दोन तासांचे, म्हणजे चार तास. पहिला टप्पा तीन महिन्यांत, शेवटचा जवळपास वर्षाने. तिसऱ्या महिन्यात 'इथे कुणीच आपलं नाही' असं वाटलं तर ते बरोबरच आहे, अजून तास भरायचे आहेत. मंडळीत मैत्री पहिल्या दिवशी मिळत होती, कारण ती नियमाने मिळत होती.

एक चूक सगळे करतात: दुसऱ्या भेटीतच सगळी हकीकत सांगतात. ऐकणारा गांगरतो. 'आधी एका धार्मिक गटात होतो, आता नाही' इतकंच पहिले काही महिने पुरतं.

सांजवात
माझा पहिला प्रतिसाद भलतीकडे गेला, क्षमस्व. पण घराबद्दल बोलायचंच आहे. दादा, मुलीच्या बाप्तिस्म्याचं काय ठरवलंत? तुम्ही पत्र दिलंत आणि तिचा बाप्तिस्मा झाला, तर तुमच्याशी कसं वागायचं याचा नियम तिलाही लागू होईल.

कोरी_पाटी
म्हणूनच घाई आहे. तिला थांबव म्हणून सांगणार होतो. चार पानं खरं तर तिच्यासाठीच लिहिली.

सांजवात
'थांब' म्हणालात तर सोळा वर्षांची मुलगी धावत जाईल, आणि मंडळी तिला सांगेल की बापाचा विरोध हीच तुझी परीक्षा. शिकवण खोटी आहे हे तिला पटवू नका. वेळ मागा. 'हा आयुष्यभराचा शब्द आहे. अठरा पूर्ण झाल्यावर दे, मी स्वतः तुझ्याबरोबर येईन.' आणि शब्द दिलात तर खरंच जा. बायकोला हे आधी सांगा, एकटीला, मुलीसमोर नाही. पती-पत्नीतही तेच: तिच्या सभेच्या वेळेला टोमणा नाही, पुस्तकं हलवणं नाही, पुरावे दाखवणं नाही. सभेला सोडायला तुम्हीच जात असाल तर जात राहा. बऱ्याच कडक पंथांतही एका छताखालचे नवरा-बायको बोलत राहतात, तो धागा तुमच्या हाताने तोडू नका.

एक_वाचक
यहोवाच्या साक्षीदारांत २०२४ पासून काढून टाकलेली व्यक्ती सभेला आली तर थोडक्यात स्वागत करायची मुभा आहे. मात्र जे उघड विरोधक समजले जातात त्यांना ती नाही. चार पानी पत्र माणसाला त्या दुसऱ्या यादीत नेऊन बसवू शकतं. हे कामाचं असेल म्हणून लिहिलं.

वाटाड्या
हे कामाचं आहे.

कोरी_पाटी
सगळ्यांचे आभार, त्रागा केला त्याबद्दल माफ करा. पत्र रविवारी देत नाही. उद्या डॉक्टर आणि वकील, परवा अनुभवाचं प्रमाणपत्र मागतो. बायकोशी आज रात्री बोलेन. सुईदोरा, मेहुण्याच्या जागी नाव कुणाचं घालू? बाहेरचं, एवढ्या भरवशाचं कुणीच नाही.

सुईदोरा
नातेवाइकच असायला हवा असं नाही. वय पूर्ण असलेला, फोन उचलणारा, आणि तुमचं म्हणणं स्वतःच्या मताविरुद्ध असलं तरी डॉक्टरांना सांगेल असा कुणीही चालतो. शाळेतला जुना मित्र, ऑफिसातला बाहेरचा सहकारी. नसेलच, तर नावाची जागा रिकामी ठेवा आणि कोणते उपचार हवेत ते स्पष्ट लिहा. रिकामी जागा मेहुण्याच्या नावापेक्षा बरी. नाव सापडलं की नवी तारीख घालून पुन्हा सही करा.