खाऱ्या पाण्याची टाकी : मीठ घालण्याआधी प्लंबिंगची कोणती तपासणी करावी?

मीठपाणी (डिचोली)

नमस्कार मंडळी. गोड्या पाण्याची टाकी आमच्याकडे बरीच वर्षं आहे, खाऱ्या पाण्याची ही पहिलीच. टाकी १२० × ४५ × ४५ सेंमी, काच १० मिमी. मागच्या काचेला दोन भोकं पाडून आतून ओव्हरफ्लो बॉक्स (टाकीतलं वरचं पाणी ज्यात सांडतं तो डबा) बसवलाय. एका भोकातून मुख्य सायफन, म्हणजे पाणी खाली नेणारा नेहमीचा पाइप, दुसऱ्यातून इमर्जन्सी, म्हणजे तो तुंबला तर पाणी नेणारा जादा पाइप, दोन्ही १ इंची. खाली कपाटात संप, म्हणजे ते पाणी जिथे उतरतं ती दुसरी टाकी, ७५ × ४० × ४० सेंमी, पंप चालू असताना त्यात साधारण २५ सेंमी पाणी राहील असं मोजून ठेवलंय. रिटर्नचा पाइप, म्हणजे पंपाचं पाणी वर परत आणणारा, काठावरून टाकीत उतरतो आणि त्याचं तोंड पाण्याखाली १२ सेंमीवर आहे. तोंड खोल असलं की प्रवाह खडकांच्या मागेपर्यंत जातो, असं दुकानात सांगितलं.

प्लंबरने सगळं सीपीव्हीसी प्लास्टिकमध्ये केलंय. सायफनच्या पाइपवर बॉल व्हॉल्व्ह आहे, गेट व्हॉल्व्ह हवा असेल तर पितळेचाच मिळेल म्हणाला. दोन ठिकाणी पितळी आट्यांचे एमटीएही (पाइपच्या टोकाला आटे देणारे जोड) लावलेत. युनियन, म्हणजे हाताने उघडता येणारा जोड, एकही नाही, सगळे जोड सोल्यूशनने चिकटवलेले.

काल भोकांच्या थोडं वरपर्यंत नळाचं पाणी भरलं. सायफनच्या टँक निपलखाली (काचेच्या भोकात बसवलेल्या जोडाखाली) ठेवलेल्या वर्तमानपत्रावर सकाळी रुपयाएवढा ओला डाग होता. प्लंबर म्हणतो बाहेरून सिलिकॉन मारून देतो, विषय संपला. तो निपल किंचित तिरका दिसतो, म्हणजे खाली जाणारा पाइप त्याला भिंतीकडे ओढतोय असं वाटतं.

आमच्याकडे जून ते सप्टेंबर लाईट कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नसतो. टाकी हॉलमध्ये, शेजारीच देवघर, आणि चवथीला घर माणसांनी भरलेलं असतं. कुणीच घरी नसताना लाईट जाऊन आली तरी एक थेंब जमिनीवर पडता कामा नये, एवढीच माझी अपेक्षा आहे. मीठ घालण्याआधी किती दिवस पाणी फिरवावं? आणि ही तपासणी थेट समुद्राच्या पाण्यानेच करावी का? मिरामारला नातेवाईक आहेत, कॅन भरून आणता येतील.

फोंडा_रीफ

ताई, अभिनंदन. २४ तास पंप चालू ठेवा आणि प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू ठेवून बघा. लाईटची काळजी असेल तर रिटर्नच्या पाइपवर एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाका, पाणी उलटं येणारच नाही. माझ्याकडे तसंच आहे, त्रास नाही.

पंपवाला_वास्को

ताई, तुम्ही प्रश्न योग्य वेळी विचारलात. टाकीत अजून फक्त नळाचं पाणी आहे, म्हणजे सगळं मोकळं करून परत बसवता येतं. मी पंप आणि पाइपच्या कामात आयुष्य घालवलंय, घरची खारी टाकीही त्याच हातांनी जोडली आहे. गळती शोधणं हे तपासणीतलं सोपं काम. खरी तपासणी म्हणजे जे जे बिघडू शकतं ते आपण स्वतः समोर उभं राहून बिघडवायचं, आणि तेही गोड्या पाण्यात, हातात कोरडं फडकं असताना.

आधी तुमचा आकडा बघा, कारण तोच मला सर्वांत जास्त खटकतोय. तुमच्या टाकीत १ सेंमी उंचीचं पाणी म्हणजे १२० × ४५, म्हणजे ५.४ लिटर. पंप बंद पडला की रिटर्नचा पाइपच उलटा सायफन होतो आणि त्याचं तोंड उघडं पडेपर्यंत टाकीतलं पाणी खाली ओढतो. तोंड १२ सेंमी खोल, म्हणजे जवळपास ६५ लिटर पाणी संपमध्ये उतरणार. संपमध्ये १ सेंमी म्हणजे ३ लिटर. म्हणजे संपची पातळी साडेएकवीस सेंमी चढायला हवी, आणि तुमच्याकडे वर जागा आहे १५ सेंमी. निदान २० लिटर पाणी देवघराच्या दिशेने जाणार, वर ओव्हरफ्लो बॉक्स आणि पाइपांमधलं पाणी वेगळंच. ते तोंड वर घ्या, पाण्याखाली जेमतेम २ सेंमी. मग तेवढ्यासाठी ११ लिटर उतरतील आणि संप चार सेंमीच्या आत चढेल. खडकांमागे प्रवाह हवा असेल तर टाकीच्या आत वेव्हमेकर (पाणी हलवणारा छोटा पंप) लावा, ते काम रिटर्नकडून करून घेऊ नये.

फोंड्याच्या मित्राचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गोड्या पाण्यात चालतो. खाऱ्या पाण्यात त्याच्या पडद्यावर चुन्याचा थर बसतो, बारीक गोगलगायी आत शिरतात, आणि पडदा केसभर जरी उघडा राहिला तरी रात्रभरात तेवढंच पाणी खाली येतं. लावायचा असेल तर लावा, पण संपमधली जागा मोजताना तो नाहीच असं धरा. रिटर्नच्या पाइपला पाण्याच्या रेषेला लागून ५ मिमीचं भोक पाडतात, त्यातून हवा शिरून सायफन तुटतो. त्यालाही हाच न्याय. शेवाळाने ते बुजतं, दर महिन्याला काडी घालून साफ करावं लागतं.

आता पितळ. ते आजच काढा. पितळेत तांबं असतं, खारं पाणी ते हळूहळू सोडवतं, आणि प्रवाळ, कोळंबी, गोगलगाय यांना तांबं अगदी थोडंही सोसत नाही. मासे टिकतील, बाकीचं एकेक करून जाईल आणि कारण कळणार नाही. सीपीव्हीसी पाइपला हरकत नाही, फक्त आटे प्लास्टिकचे हवेत. गेट व्हॉल्व्ह यूपीव्हीसीचा मिळतो, हार्डवेअरवाल्याला मागवून द्यायला सांगा. स्टीलचे क्लिपही कपाटात नकोत, ३०४ प्रतीचं स्टेनलेस सुद्धा मिठाच्या हवेत तांबूस होतं.

सायफनवर गेट व्हॉल्व्हच हवा, कारण बॉल व्हॉल्व्ह पाव फेऱ्यात उघडा-बंद होतो आणि तुम्हाला हवी ती जागा केसभर इकडे-तिकडे सरकते. गेट व्हॉल्व्हचं चाक थोडं थोडं फिरवत बॉक्समधली पातळी सायफनच्या तोंडाच्या वर आणि इमर्जन्सीच्या तोंडाच्या खाली अशी स्थिर करायची. तिथे आवाज बंद होतो. इमर्जन्सीच्या पाइपवर व्हॉल्व्ह कधीही लावायचा नाही, आणि त्याचं खालचं टोक संपमधल्या पाण्याच्या वर ठेवायचं. त्यातून पाणी पडायला लागलं की धबधब आवाज होतो, घरात कुणालाही कळतं. सायफनचं टोक मात्र पाण्यात बुडवा, पण २-३ सेंमीच. जास्त खोल बुडवलं तर लाईट परत आल्यावर पाइपमधली हवा बाहेर पडत नाही आणि सायफन धरतच नाही.

निपलला सिलिकॉन नको. रबरी वायसर टाकीच्या आतल्या बाजूला, कॉलर आणि काच यांच्या मध्ये असतो, नट बाहेरून. पाणी वायसर थांबवतो, नट फक्त दाबून धरतो. पाणी भोकाखाली उतरवा, निपल काढा, भोकाच्या कडेवर बोट नको, कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकला तर तिथे काचेचा टवका आहे. सगळं स्वच्छ असेल तर कोरडं करून बसवा, हाताने घट्ट आणि वर पाव फेरा, पाना लावून आवळलं तर काच तडकते. पण माझा संशय पाइपवर आहे. पाइप निपलला ओढत असेल तर कितीही नवा वायसर घाला, एका बाजूने तो मोकळाच राहणार. निपलपासून हातभर खाली पाइप कापा आणि काय होतं ते कळवा. परत जोडताना तिथे युनियन टाका, पंपाजवळ आणखी एक, आणि पाइपचं वजन प्लास्टिकच्या क्लॅम्पने कपाटाच्या पाठीवर घ्या.

सोल्यूशनच्या जोडांना पाण्याआधी २४ तास द्या, पावसाळी हवेत तर नक्कीच. कापताना उडालेला प्लास्टिकचा भुसा धुऊन काढा, तो पंपाच्या पंख्यात जाऊन बसतो. आणि एक गोष्ट इथल्या हवेची : ताजं नळाचं किंवा विहिरीचं पाणी हवेपेक्षा थंड असतं, जुलैत पाइपला बाहेरून घाम सुटतो आणि माणूस गळती शोधत बसतो. पाणी खोलीच्या तापमानाला आल्यावरच टिश्यू लावा.

मग बिघाड सुरू करा. संप चालू पातळीपर्यंत भरून मेन स्विच बंद. पाणी उतरायचं थांबलं की संपवर मार्करने रेघ ओढा. पुन्हा चालू करा, सायफन मिनिट-दोन मिनिटांत आपोआप धरतो का बघा. हे एकदा करून थांबू नका, भराभर बंद-चालू करा, मध्ये दहा सेकंद, मध्ये अर्धा तास, कारण वीज तशीच येते-जाते. त्यानंतर पंप चालू ठेवून गेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा. सगळं पाणी एकट्या इमर्जन्सीने उतरलं पाहिजे. शेवटी इमर्जन्सीलाही बोळा घाला आणि टाकीजवळ उभे राहा. पंप त्याच्या कप्प्यातलं पाणी वर ढकलत राहील आणि मग हवा ओढायला लागेल. तेवढं पाणी टाकीच्या काठात मावलं पाहिजे. तुमचा पंपाचा कप्पा २५ × ४० सेंमीचा असेल आणि त्यातलं २० सेंमी पाणी वर गेलं, तर २० लिटर, म्हणजे टाकीत पावणेचार सेंमी. काठाखाली तेवढी रिकामी जागा आत्ताच मोजा.

समुद्राचं पाणी तपासणीला आणू नका. जोड गळला तर पाण्याबरोबर मीठही लाकडात मुरतं. आणि पावसात मांडवी भरून वाहते तेव्हा मिरामारसमोरचं पाणी खारेपणाला किती तरी कमी असतं, टाकीत घालायलाही ते उपयोगाचं नाही.

काणकोण_मासे

वाचतोय, खूप उपयोगी. आमच्याकडे घरचा इन्व्हर्टर आहे. रिटर्न पंपच त्यावर टाकला तर हा सगळा प्रश्न सुटतो ना?

पंपवाला_वास्को

नाही सुटत दादा, पुढे ढकलला जातो. बॅटरी संपली की तोच सायफन, तेवढंच पाणी, आणि तेव्हा बहुधा मध्यरात्र असते. इन्व्हर्टरवर टाकीतला वेव्हमेकर किंवा हवेचा पंप टाका, माशांना प्राणवायू त्यानेच मिळतो आणि बॅटरीही जास्त चालते.

मीठपाणी (डिचोली)

दादा, तुम्ही सांगितलं तसं पाणी उतरवून पाइप कापला. करवत शेवटच्या धाग्यावर आली आणि खालचा पाइप टक्कन भिंतीकडे सरकला, चांगला बोटभर. इतके दिवस तो निपलला तेवढं ओढून धरत होता. भोकाची कड गुळगुळीत आहे, कापूस कुठेच अडकला नाही. वायसरची एक बाजू चपटी दबलेली आणि दुसरी जशीच्या तशी गोल, हातात घेतल्यावर लगेच कळलं. नवा वायसर, युनियन आणि क्लॅम्प लावून दोन दिवस पाणी भरून ठेवलं, कागद कोरडा आहे.

पितळ काढलं, यूपीव्हीसीचा गेट व्हॉल्व्ह मडगावहून आला. रिटर्नचं तोंड २ सेंमीवर घेतलं. स्विच बंद केल्यावर संप काठापासून ७ सेंमी खाली थांबतो. इमर्जन्सी एकटी सगळं पाणी घेते, पण आवाज इतका मोठा की सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. दोन्ही बंद केल्यावर पंपाने हवा ओढली तेव्हा टाकीत काठाखाली सव्वा सेंमी उरलं होतं. एवढं पुरे का? आणि एक्स्टेन्शन बोर्ड कपाटात संपच्या मागे जमिनीवर आहे, तो तसाच चालेल का?

पंपवाला_वास्को

काम छान झालंय. संपमधले ७ सेंमी म्हणजे २१ लिटरची जागा, उत्तम. वरचे सव्वा सेंमी मला कमी वाटतात, कारण वाळू-खडक घातल्यावर आणि संपमध्ये कुणी थोडं जास्त पाणी ओतल्यावर ते संपतील. पंपाखाली प्लास्टिकचा ठोकळा ठेवून तो ३-४ सेंमी वर घ्या. तो लवकर हवा ओढेल, वर पाणी कमी जाईल. मग तीच चाचणी पुन्हा करा.

बोर्ड आजच हलवा. कपाटाच्या बाहेर, संपच्या काठापेक्षा उंच, भिंतीवर. प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्यायची, म्हणजे वायरवरून ओघळणारा थेंब झोळाच्या तळाशी खाली पडतो, सॉकेटमध्ये जात नाही. मिठाचे शिंतोडे बंद कपाटातल्या सॉकेटमध्ये पांढरे जमतात आणि ओल धरतात. टाकीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या, नसेल तर तो बसेपर्यंत पंप चालू असताना पाण्यात हात घालू नका.

तपासणीचं पाणी सगळं काढून टाका, त्यात सोल्यूशनचा अंश असतो. एकदा परत भरून दिवसभर फिरवा, तेही काढा. मग आरओचं पाणी आणि मीठ, लिटरला साधारण ३५ ग्रॅम, रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायच्या उपकरणावर) १.०२५ येईपर्यंत. पहिल्यांदा टाकीतच मिसळलं तरी चालतं, खडक आणि जीव नसताना. मीठ विरघळल्यावर पातळीच्या रेघा परत तपासा. युनियनच्या ओ-रिंगला व्हॅसलीन लावू नका, त्याने रबर फुगतं, सिलिकॉन ग्रीस वापरा.