डोरेमॉनला मांजर का म्हणायचे?

टिळकवाडीची आई (प्रश्न)

माझी आठ वर्षांची मुलगी शाळेत कन्नड, घरी मराठी आणि टीव्हीसमोर हिंदी अशा तीन भाषांत वावरते आणि जपानी कार्टूनमधला डोरेमॉन तिला हिंदीतूनच भेटला. परवा शेजारच्या मैत्रिणीने ‘इदु बेक्कल्ल’, म्हणजे हे मांजरच नव्हे, असे ठणकावून सांगितल्यापासून आमच्या घरात वाद पेटला आहे. खरे तर मलाही त्या मैत्रिणीचेच पटते : कान नाहीत, अंग निळे, चाल दोन पायांची, आणि उंदीर दिसला की हाच किंचाळत पळतो. मग त्याला मांजर ठरवले ते कशाच्या आधारावर? ‘कथेत तसे आहे’ हे उत्तर मी देऊन पाहिले. मुलीने ते स्वीकारलेले नाही.

निपाणीकर

ताई, तरीही कथेतूनच सुरुवात करावी लागेल. डोरेमॉन हा ३ सप्टेंबर २११२ रोजी तयार झालेला यंत्रमांजर. तेव्हा तो पिवळा होता आणि त्याला कानही होते. पुढे ते कान उंदराने कुरतडले, आणि उंदराची भीती बसली ती तेव्हापासून. निळा कसा झाला याबाबत मात्र दोन पाठ आहेत : जुन्या कथनाप्रमाणे तो भीतीने निळा पडला, तर १९९५च्या चित्रपटात रडून रडून त्याचा पिवळा रंग उतरला. मला दुसरा पाठ अधिक आवडतो, कारण कान गेल्याचे दुःख त्यात नुसते सांगितलेले नसून अंगावर दिसते. लेखकाचा खट्याळपणा पाहा : उंची १२९.३ सेंटिमीटर, वजन १२९.३ किलो, आणि उंदराला पाहून पळण्याचा वेगही ताशी १२९.३ किलोमीटर!

आपल्या मुलीच्या मैत्रिणीची शंका खुद्द कथेतही आहे. लोक त्याला वारंवार ‘तानुकी’ समजतात (हा श्वानकुळातला, गुबगुबीत अंगाचा जपानी रानटी प्राणी) आणि प्रत्येक वेळी तो संतापतो.

खानापूरचा वाचक

वरील माहिती योग्य आहे, परंतु आधार विचारला आहे तर तो नावातच सापडतो. जपानीत ‘डोरानेको’ म्हणजे भटके मांजर, आणि ‘एमोन’ हा जुन्या वळणाच्या पुरुषी नावांचा शेवट. आपण बोक्याला ‘बोकोबा’ म्हणतो त्याच जातीचा हा प्रकार. आमच्या भागात तर ‘बोकाप्पा’ म्हटले तरी खपेल. (डोरेमॉनच्या आवडत्या डोरायाकी या गोड पदार्थातला ‘डोरा’ वेगळा, तो काशाच्या वाजवायच्या थाळीचा. दोन गोल, जाड धिरड्यांमध्ये गोड वाटलेल्या अझुकी डाळीचे सारण घालतात. पुरण आवडणाऱ्याला ते परके वाटू नये.)

शिवाय पात्राच्या जन्माची हकिकत प्रसिद्ध आहे. फुजिको एफ. फुजिओ, म्हणजे हिरोशी फुजिमोतो, यांची ही मालिका जानेवारी १९७०च्या बालमासिकांत सुरू झाली. परंतु आधीच्या अंकातील जाहिरातीत नायकाचे चित्रच नव्हते, कारण नायक अजून सुचलेला नव्हता. मुदत संपत आली असताना मनात घोळणारे मांजर आणि पायात अडखळलेली मुलीची बाहुली, ढकलली तरी पुन्हा उभी राहणारी, या दोहोंतून तो आकार जुळला. त्यामुळे तो मांजराएवढाच बाहुलीसारखाही दिसतो, यात नवल नाही.

शहापूरची शिक्षिका

दोन्ही उत्तरे वाचली, तरी माझे मत थोडे निराळे आहे. नाव व जन्मकथा मोठ्यांसाठी ठीक. आठ वर्षांच्या मुलीला चित्रातला पुरावा हवा, आणि तो त्याच्या गळ्यात आहे. जपानी दुकानांत पंजा उंचावून गिऱ्हाइकाला बोलावणारी जी ‘मानेकी-नेको’ मूर्ती असते, तिच्या गळ्यात बहुधा लाल पट्टा आणि घंटी असते. डोरेमॉनच्या गळ्यातही नेमके तेच आहे. ‘नात्सुमे यूजिनचो’ या जपानी कार्टून-मालिकेतील न्यांको-सेन्सेई तर अशाच मूर्तीच्या रूपात अडकलेला आत्मा आहे आणि त्यालाही लोक मांजर म्हणायला तयार नसतात. म्हणजे जपानी वाचक कानांआधी घंटी पाहून मांजर ओळखत असावा, असा माझा तर्क आहे.

आपल्याकडे मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची ती उंदरांनी सावध व्हावे म्हणून. डोरेमॉनची घंटी मात्र मुळात इतर मांजरांना गोळा करण्याचे साधन आहे. उंदरांना घाबरणाऱ्याजवळ दुसरे काय असणार?

टिळकवाडीची आई

सर्वांचे आभार. ही उत्तरे वाचून दाखवल्यावर मुलीने वहीत पिवळ्या रंगाचा, दोन टोकदार कान असलेला, घंटीवाला डोरेमॉन काढला आणि मैत्रिणीला नेऊन दाखवला. मैत्रिणीने तो बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाली, ‘हौदु, बेक्कु. आदरे डोरेमॉन अल्ल.’ मांजर खरे, पण डोरेमॉन नव्हे.