साडेपाच वर्षांच्या मुलीचा चित्रकलेचा वर्ग: चालू ठेवावा का?

आम्ही गोव्यात फोंड्याजवळ राहतो. माझी मुलगी जूनपासून आठवड्यातून दोनदा चित्रकलेच्या खासगी वर्गाला जाते. त्याआधी ती जमिनीवर पालथी पडून जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर मनाला येईल ते काढत असे. एका चित्रात तर आजी घरापेक्षा मोठी होती आणि तिचे हात थेट डोक्यातून फुटले होते. आता वहीच्या पानोपानी दोन डोंगर, मध्ये सूर्य, झोपडी आणि एक माड. रंग रेषेबाहेर जात नाही, परंतु घरी कोरा कागद पुढे ठेवला की ती म्हणते, "मला येत नाही, तू काढून दे, मी रंगवते."

शिक्षिकांशी बोलले, तेव्हा आधी हात वळायला हवा, असे त्यांनी सांगितले. ते अगदीच चूक नाही. पूर्वी खडू मुठीत धरणारी मुलगी आता तो तीन बोटांत धरते, आणि पहिलीत लिहिताना त्याचा उपयोग होईलच. मात्र कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली मांडलेले बालचित्रांचे टप्पे वाचल्यावर मी अस्वस्थ झाले. या वयातील मूल प्रमाणाचा विचार न करता जे स्वतःला महत्त्वाचे वाटते ते मोठे काढते, असे त्यात आहे. म्हणजे ती आजी चुकलेली नव्हतीच.

चवथीपूर्वी आम्ही गणपतीची मूर्ती सांगायला गावच्या चित्रशाळेत, म्हणजे मातीच्या मूर्ती घडवतात तिथे, गेलो होतो. तिथल्या आजोबांनी तिच्या हातावर मातीचा गोळा ठेवला आणि ते आपल्या कामाला लागले. तासभर ती जागची हलली नाही. उंदराची शेपटी तीनदा तुटली, तेव्हा चौथ्यांदा तिने ती अंगाभोवती गुंडाळून चिकटवली. ही युक्ती तिला कोणीही दाखवली नव्हती. (फ्रॉकचे काय झाले, ते विचारू नये.)

वर्ग सोडवला तर आलेले वळण जाईल आणि चालू ठेवला तर तिचे स्वतःचे काढणे कायमचे थांबेल, अशा कात्रीत मी सापडले आहे. या वयाच्या मुलांना शिकवणाऱ्यांनी कृपया सांगावे, की नमुना न देता, माती, कागद फाडणे-चिकटवणे अशा कामांतून बोटांना तेवढेच वळण लागते का? पणजीत कांपाल येथील बाल भवनात (मुलांना कला शिकवणाऱ्या सरकारी संस्थेत) किंवा त्याच्या इतर केंद्रांत कोणाचे पाच-सहा वर्षांचे मूल जात असल्यास तिथे मुलांना फळ्यावरचे चित्र उतरवायला लावतात की विषय देऊन मोकळे सोडतात, हेही कळवावे. आणि "मला येत नाही" म्हणणाऱ्या मुलीला काढून न देता घरी नेमके काय उत्तर द्यावे?